वास कुठून येतोय

शनिवारी सकाळी सात वाजता आई गाडीच्या मागच्या सीटवर बसली, मी चावी फिरवली, आणि दोन मिनिटांत ती दार उघडून खाली उतरली. घरात जाऊन पलंगावर आडवी झाली. "मी न्हाय येणार," म्हणाली. "लई वास येतोय त्या गाडीत. पोटात ढवळतंय."

आईची दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत. दर बुधवारी आणि शनिवारी तिला आमच्या वाशी गावाहून बार्शीला न्यायचं, चार तास मशीनवर रक्त धुवून घ्यायचं आणि परत आणायचं, हे सात महिने चाललं होतं. या सात महिन्यांत तिने कधी कुरकुर केली नव्हती. उलट माझी बायको डबा भरायला उशीर करायची तेव्हा हीच दारात चप्पल घालून उभी असायची. म्हणून मला वाटलं, होईल शांत. झाली नाही. भाड्याची जीप सांगतो म्हणालो, तर म्हणाली, "परक्याच्या गाडीत उलटी झाली तर काय तोंड दाखवू?" एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत. दहा वाजता मी दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, आता पाणी मोजून द्या, मीठ बंद करा, पण बुधवार चुकवू नका. मी विचारलं, चुकला तर? त्या म्हणाल्या, चुकवू नका. मी फोन ठेवला.

म्हणजे माझ्याकडे बुधवार सकाळपर्यंतचा वेळ होता, आणि तेवढ्या वेळात गाडीचा वास जायला हवा होता.

वास खोटा नव्हता. गाडी वडिलांनी घेतलेली, वीस वर्षांची, पांढरी, पेट्रोलवरची. इंजिन तापलं की जळक्या तेलाचा वास आत यायचा. मला त्याची सवय झाली होती. दुपारी मी बॉनेट उघडून पाहिलं. मी हायस्कूलवर गणित शिकवतो. फळ्यावर मला सगळं कळतं आणि बॉनेटखाली काही म्हणजे काही कळत नाही. आत सगळं काळंकुट्ट होतं. तेल, धूळ, रस्त्याची माती यांचा एकच थर बसलेला. कुठला भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो तेही दिसत नव्हतं. मी बोट लावलं, तर बोट काळं झालं आणि ते साबणाने तीनदा धुवूनही निघेना.

संध्याकाळी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. वडिलांपासूनचा मिस्त्री, वयाने मोठा, कमी बोलणारा. त्याने टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "सर, तेल कुठनं तरी गळतंय अन् गरम पाइपावर पडतंय. त्याचाच वास. पण कुठनं गळतंय ते ह्या राड्यात दिसत न्हाय. आधी इंजिन धुवून आणा, मंग बघतो."

तिथून वॉशिंग सेंटरवर गेलो. तिथला पोरगेलासा मालक म्हणाला, "आधी गळती काढून आणा सर. आत्ता धुतलं तर चार दिवसांत परत तसंच. मंग मलाच नावं ठेवाल."

मी म्हटलं, अहो मिस्त्री म्हणतो आधी धुवा. तो म्हणाला, मिस्त्री काय बी म्हणंल. मी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, "त्याच्याकडं धुवू बी नका. तो बंदुकीगत पाणी मारतो. वायरीत पाणी गेलं तर गाडी जागची हालायची न्हाय." हे फोनवर मोठ्याने ऐकू आलं आणि वॉशिंगवाला माझ्यावर उखडला. जणू मीच म्हणालो होतो. मलाही राग लवकर येतो. दोन शब्द मीही बोललो आणि गाडी आहे तशी घरी आणली.

रविवार सल्ले गोळा करण्यात गेला. कुणाला विचारलं नाही असं नाही. दूधवाल्याने सांगितलं, डिझेल आणि ब्रश, दुसरं काही लागत नाही. किराणावाला म्हणाला, रॉकेल, पण आता रॉकेल मिळतं कुठे? शेजाऱ्याने ठणकावून सांगितलं की पेट्रोलने चकाचक निघतं, त्याच्या मेव्हण्याने केलं होतं. मेव्हण्याचं पुढे काय झालं ते त्याला आठवत नव्हतं. एक जण म्हणाला, इंजिन चालू ठेवून धुवा, म्हणजे पाणी आपोआप उडतं. दुसरा म्हणाला, चालू इंजिनावर पाणी टाकलंत तर लोखंडाला तडा जाईल. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक माणूस पाइपाने धो धो पाणी मारत होता आणि दुसऱ्या व्हिडिओत दुसरा माणूस त्याच माणसाला मूर्ख म्हणत होता. दोघांनाही खाली हजारो लोकांनी शाबासकी दिली होती.

त्या रात्री आईचे पाय पाहिले. घोट्याजवळ अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला. ती म्हणाली, "दाबून काय बघतोस? हाय ते हाय."

सोमवारी शाळेत विज्ञानाच्या सरांना गाठलं. या माणसाला जुन्या गाड्यांचा नाद आहे. मधल्या सुट्टीत त्यांनी चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मला सगळं लिहून दिलं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचं नाव काढायचं नाही, कोमट इंजिनावर त्यांची वाफ पेट घेते. पाण्यात विरघळणारं डीग्रीझर, म्हणजे तेल सोडवणारं रसायन, आणायचं. बॅटरीची काळी वायर आधी काढून बाजूला ठेवायची. जिथे पाणी जाऊ नये तिथे प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. थोडा भाग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, ब्रशने घासायचं, मग तांब्याने हळूहळू पाणी सोडायचं. आणि इंजिन गरमही नको, गारही नको, कोमट हवं.

"कोमट म्हणजे किती?" मी विचारलं.

"हात ठेवता आला पाहिजे."

"कुणाचा हात? माझी आई कढत पाण्यात हात घालते."

सरांना वाटलं, मी थट्टा करतोय. मला खरंच कळत नव्हतं. सगळं एवढं नेमकं सांगून शेवटी सगळं हातावर सोडलं होतं. आणि जिथे पाणी जाऊ नये ते कुठे, हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी चित्र काढून दाखवलं. चित्रात इंजिन फार स्वच्छ होतं.

मंगळवारी रजा टाकली. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, अर्धा तास थांबलो, हात ठेवून पाहिला, पुन्हा थांबलो. काळी वायर सोडवली. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. खाली मोठं घमेलं ठेवून त्यात लाकडाचा भुसा टाकला. तेलकट पाणी गटारात सोडू नका, पुढे ते ओढ्याला जातं, असं सरांनी बजावलं होतं. किराणाच्या पिशव्या आणि सुतळी घेऊन मी चित्राप्रमाणे वायरींची एकेक डबी बांधत गेलो. हवा आत घेणाऱ्या पाइपाच्या तोंडात बायकोने जुन्या साडीचा बोळा घालून दिला. अडीच लिटर डीग्रीझर होतं. मी हिंमत करून फवारा मारला.

पहिल्यांदा वरच्या झाकणावर. दहा मिनिटांनी ब्रश फिरवला, तर काळ्याखालून पिवळं निघालं. आणखी घासलं, तर लाल. मी घाबरलो. वाटलं, काहीतरी वितळतंय. चष्मा वर करून जवळून पाहिलं. हळद होती ती, आणि कुंकू. वर्षानुवर्षं दसऱ्याला गाडीची पूजा करताना आई बॉनेट उघडायला लावायची. बाकीचे लोक बॉनेटवर स्वस्तिक काढून मोकळे होतात. आई म्हणायची, ओढतं इंजिन, अन् कुंकू पत्र्याला? मग इंजिनाच्या झाकणावर स्वस्तिक, अक्षता, वर नारळाचं पाणी. वडील ओरडायचे आणि ती ऐकायची नाही. त्या सगळ्यावर तेल बसत गेलं, त्यावर पुढचा दसरा. घासत गेलो तसे तांदळाचे दाणे निघाले, खडे झालेले. सायलेन्सरला जाणाऱ्या गरम पाइपामागे झेंडूच्या पाकळ्यांचा जळून कोळसा झालेला गोळा सापडला.

मला वाटलं, सापडला वास! पण लगेच दुसरा प्रश्न पडला. हे पुसायचं का? शेवटची काही कुंकवाची बोटं माझ्या बायकोची होती. चार वर्षांपूर्वी वडील गेल्यापासून पूजा तीच करते. पण खालचे सगळे थर आईचे. हातात ब्रश धरून मी तसाच उभा राहिलो आणि शेवटी घरात जाऊन आईला विचारलं, "आई, इंजिनावर तुझं कुंकू निघालंय. पुसू का?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "पूस की. माझं पुसलं तवा कुणी इचारलं व्हतं?"

मी बाहेर आलो आणि पुसलं.

अकराच्या सुमारास इंजिन माणसात आलं. पाणी निथळू दिलं, फडक्यांनी टिपलं, पिशव्या सोडल्या, वायर जोडली, चावी मारली. गाडी नुसती कुंथली. पुन्हा मारली. पुन्हा तेच. वॉशिंगवाला, मिस्त्री, विज्ञानाचे सर, सगळे डोळ्यांसमोर उभे राहिले आणि सगळ्यांवर मला राग आला. मिस्त्रीला फोन केला, तो स्कूटरवरून आला, बॉनेटखाली वाकला आणि पाइपाच्या तोंडातून साडीचा बोळा ओढून माझ्या हातात दिला. "हवा बी घिऊ द्या तिला," म्हणाला. गाडी लगेच चालू झाली.

स्वच्छ इंजिनावर त्याला गळती एका नजरेत दिसली. वरच्या झाकणाखालचं पॅकिंग, ती रबराची पट्टी, वाळून तडकलं होतं. तिथून तेल झिरपून थेंब थेंब गरम पाइपावर पडत होतं. एवढंच. दुपारी त्याच्याकडे नेऊन नवीन पॅकिंग बसवून घेतलं. तो म्हणाला, उरलेलं तेल तेवढं काढून टाका, न्हायतर दोन दिस ते जळत राहील अन् तुम्हाला वाटंल, गळतंयच.

मग घरी येऊन पुन्हा थांबलो, पुन्हा हात ठेवला, पुन्हा वायर सोडवली, पुन्हा पिशव्या. पाइपाभोवती, खाली, मागे, जिथे बोट पोचेना तिथे दात घासायच्या जुन्या ब्रशने. पाच वाजता मी पाठ सरळ करायला गेलो तेव्हा ती होईना. बायकोने घरातला टेबलफॅन आणून स्टुलावर ठेवला आणि इंजिनाकडे तोंड करून लावला. पंखा जुना आहे, घरघर करतो. मी पलीकडे उकिडवा बसून भुश्याचं घमेलं पोत्यात रिकामं करत होतो.

तेवढ्यात आई आपणहून बाहेर आली. भिंतीला धरत धरत आली, मागचं दार उघडलं आणि सीटवर बसली. बॉनेट उघडं असल्यामुळे तिला ना मी दिसत होतो, ना पंखा. मला इतका आनंद झाला की मी हातातलं टाकून उभा राहिलो.

"कसं वाटतंय आई?" मी पुढूनच विचारलं.

तिने पदर नाकाला लावला. "येतोय की अजून," म्हणाली. "तसाच येतोय. इंजिन चालू केलं की सुरूच होतो. लई घाण. मला न्हाय बसवत."

मी आधी गोंधळलो. कुठलं चालू केलं? मग पंख्याकडे पाहिलं. मग बॅटरीकडे. काळी वायर अजून बाजूला पडली होती, तिच्या टोकाला मीच बांधलेलं फडकं तसंच होतं.

मी मागच्या दारापाशी गेलो. "आई, गाडी बंद हाय. ही घरघर पंख्याची हाय."

तिचा पदर हळूहळू नाकावरून खाली आला.

मला काय झालं सांगता येत नाही. तीन दिवसांचं सगळं एकदम वर आलं. मी ओरडलो. म्हटलं, तीन दिवस मी मरमर मरतोय, रजा टाकलीय, पाठ मोडलीय, सगळ्या गावाचं ऐकून घेतलंय, अन् तुला वासच येत न्हाय? मग यायचं न्हाय असं सरळ सांगायचं होतंस की. बायको दारात येऊन उभी राहिली आणि मला हाताने गप बस म्हणून खुणावू लागली. मी गप बसलो नाही. आई मात्र खाली बघत शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "गाडीला काय झालंय ते सगळ्या वाशीला इचारलंस. मला इचारलंस का?"

"मग आता विचारतो. काय झालंय?"

तिने सीट थोपटून मला आत बसायला सांगितलं. मी तेलकट कपड्यांनी तसाच तिच्या शेजारी बसलो. ती समोर बघून बोलत होती. तिच्या शेजारच्या कॉटवर पहिल्या दिवसापासून भूमकडची एक बाई असायची. दोघी चार तास बोलायच्या. सुना, भाव, गुडघे, सगळं. गेल्या बुधवारी ती बाई बोलता बोलता गेली. "जेवणाचं बोलत व्हती. शेंगाची चटणी. मधीच थांबली." माणसं धावली, पडदा ओढला. "मला दिसू नये म्हणून वढला. पडदा फाटकाय. सगळं दिसतं." नंतर आईची मशीन काढताना सिस्टरने सांगितलं की आईच्या कॉटजवळची मशीन सारखी बंद पडते, म्हणून शनिवारपासून आईला त्या बाईच्या कॉटवर घ्यायचं. तिथे पंखाही आहे.

"सिस्टर बी बिचारी चांगल्यासाठीच बोलली," आई म्हणाली. "पर मला भ्या वाटतंय. त्या कॉटवर झोपायचं मला लई भ्या वाटतंय."

आई पंचाहत्तरीची आहे. मला भीती वाटते असं तिने माझ्यासमोर म्हटलेलं मला त्याआधी आठवत नाही. मी म्हणालो, "मला त्याच दिवशी का न्हाय सांगितलंस?"

"कवा सांगू? चार घंटे तू खाली गाडीपाशी असतोस. वर कुणाचं कोण तरी असतंय बसलेलं. ल्योक, सून, नातू. माझ्याजवळ ती बाईच व्हती."

खरं होतं ते. पहिल्या दिवशी मी वर गेलो होतो. नळ्यांतून तिचं रक्त फिरताना पाहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. घाम फुटला. खाली आलो तो पुन्हा वर गेलो नाही. आईला सांगितलं, आत बसू देत नाहीत. ती दर वेळी बघत होती की सगळ्यांना बसू देतात, आणि एकदाही मला खोटं पाडलं नव्हतं. मी खाली गाडीत बसून उत्तरपत्रिका तपासायचो. तपासायला काही नसलं की गाडीचं काहीतरी बघत बसायचो. मला फार लाज वाटली. तीन दिवस मी जो खटाटोप केला तो तिच्यासाठी किती आणि मला दुसरीकडे बघता यावं म्हणून किती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

मी एवढंच म्हणालो, "उद्या मी वर बसतो."

"चक्कर यील तुला."

"येऊ दे."

ती उद्या येते म्हणाली नाही आणि येत नाही असंही म्हणाली नाही. उतरून घरात गेली. मी वायर जोडली, गाडी चालू केली, वीस मिनिटं तशीच चालू ठेवली. वास नव्हता. थोडी वाफ आली आणि तीही गेली. मला त्याचं काही वाटलं नाही.

बुधवारी सकाळी ती दारात चप्पल घालून उभी होती. बार्शीत पोचल्यावर मी सिस्टरला कॉट बदलून मागितली. ती म्हणाली, आज एकही रिकामी नाही, पुढच्या वेळी बघू. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे," आणि स्वतः चालत जाऊन त्या कॉटवर आडवी झाली. मी शेजारचं स्टूल ओढलं आणि बसलो. सिस्टरने पाकिटातून सुया काढल्या. मी समोरच्या भिंतीकडे नजर लावली. भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. ती मी एकापासून सहापर्यंत पाहिली, आणि परत एकापासून.

आईचा मोकळा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"भिंतीकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "मी हितं हाय."